साहेब आज बोलला नाही

भोरच्या त्या आळीत नळाला पाणी पहाटे येई आणि पुरते उजाडायच्या आत जाई, त्यामुळे मुलाण्यांच्या घरातला दिवस पाण्याच्या आवाजानेच सुरू होत असे. अम्रीन आधी उठायची. नळाखाली हंडा लावायची, तो भरेपर्यंत चूळ भरून वेणी घालायची, मग हंडा उचलून त्याच्या जागी बादली सरकवायची. तोवर आतल्या खोलीत तिच्या अम्मीची, खुर्शिदाबींची, नमाज आटोपलेली असे. मुसल्ला दुमडून त्या खुंटीवर टाकत आणि गॅसवर चहाचे आधण ठेवत. पावसाळ्यात ओसरीच्या दोरीवरचे कपडे सकाळीही तसेच दमट असत. ते गोळा करून अम्रीन आत पंख्याखाली पसरायची.

तिचा थोरला भाऊ फैजान त्यानंतर उठायचा. लहानपणीच्या तापात त्याची दृष्टी गेली होती. बिछान्यापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून खिडकीजवळच्या टेबलापर्यंतची वाट त्याच्या पायांना पाठ होती, आणि त्या वाटेवर कोणी काही ठेवायचे नाही हा एकच नियम त्या घरात काटेकोरपणे पाळला जाई. टेबलाच्या उजव्या कडेला चहाचा कप, त्याचा कान खुर्चीच्या बाजूला. तो बसे, टेबलाखाली हात घालून संगणकाच्या डब्याचे बटण दाबे, आणि घर क्षणभर कान देई. आधी पंख्याची घरघर, मग एक बारीक शिटी, मग आतल्या डिस्कची खरखर, आणि शेवटी तो आवाज. नाकातून, घाईघाईने, इंग्रजीत बोलणारा एक परका पुरुषी आवाज. खुर्शिदाबींनी त्याचे नाव साहेब ठेवले होते. साहेब बोलला की त्या दुधाचे पातेले खाली उतरवत.

तो संगणक पुण्यातल्या एका संस्थेने फैजानला गेल्या वर्षी दिला होता. जुनाच होता, पण त्यात पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा तो प्रोग्रॅम होता आणि तो कसा वापरायचा याचे शिक्षण फैजानने त्याच संस्थेत राहून घेतले होते. इंग्रजी विषय घेऊन तो बाहेरून एम. ए. करत होता. पुस्तके संस्थेने त्या यंत्रातच भरून दिली होती. साहेब ती त्याला इअरफोनमधून वाचून दाखवी आणि फैजान ओठांतल्या ओठांत त्याच्यामागून पुटपुटत राही.

त्याआधी हे काम अम्रीनचे होते. शाळेतून आल्यावर, स्वयंपाक आटोपल्यावर, स्वतःच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळीही ती त्याच्यासमोर पुस्तक घेऊन बसली होती. सुरुवातीला तिला कळत काहीच नसे. ती अक्षरे जुळवून शब्द उच्चारी आणि अर्थ तो तिला सांगे. साहेब घरात आल्यापासून तिच्या संध्याकाळी तिच्या झाल्या. ती बारावी झाली, चांगल्या गुणांनी झाली, आणि पुण्यात परिचारिकेच्या शिक्षणक्रमाला तिला प्रवेश मिळाला. वसतिगृहही मिळाले. अब्बा, म्हणजे महंमदभाई, टेम्पो चालवत. ते लगेच हो म्हणाले. खुर्शिदाबींनी मात्र बरेच दिवस घेतले आणि शेवटी म्हणाल्या, "जा. आता साहेब हाय म्हणून जा." त्यांची आणखी एक अट होती. मुलीने एकटीने जायचे नाही. त्यांचा भाऊ झुल्फिकार कापूरहोळला राहत असे. अम्रीनने भोरहून एसटीत बसावे, कापूरहोळला मामूंनी त्याच गाडीत चढावे आणि तिला वसतिगृहाच्या दारात पोहोचवूनच परतावे, असे ठरले.

तो जाण्याचा दिवस उजाडला. नळ, हंडा, चहा, सगळे रोजच्यासारखेच झाले. फैजानने बटण दाबले. पंखा घरघरला, शिटी वाजली, डिस्क खरखरली, आणि मध्येच थांबली.

साहेब बोलला नाही.

दाराशी ठकुबाई दुधाची किटली घेऊन उभी होती. नदीपलीकडून ती रोज दूध घालायला येत असे आणि साहेबाची चौकशी केल्याशिवाय माप उपडे करत नसे.

"आज सायब गप का गं? रुसला का काय?"

"उठंल आता," खुर्शिदाबी म्हणाल्या.

"तुमचा बरा, रुसला तर गप बसतोय. माजा रुसला की आळीला ऐकू जातंय." ती स्वतःच हसली, आणि अम्रीनची दाराजवळ ठेवलेली पिशवी पाहून म्हणाली, "लेक चालली म्हून रुसला आसंल. समद्यांचं आसंच आसतंय."

फैजानने बटण दाबून धरले, यंत्र बंद केले, थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा सुरू केले. पंखा, शिटी, खरखर, आणि पुन्हा तीच शांतता. ही शांतता बंद यंत्राची नव्हती. पंखा फिरत होता. दार उघडून आत आलेल्या माणसाने उंबऱ्यातच थबकून राहावे तसे ते यंत्र थबकले होते.

"काय झालं, भाई?" अम्रीन बाजूला येऊन उभी राहिली.

"शिटी एकच वाजते, म्हणजे मेमरी वगैरे जागेवर आहे. डिस्क सुरू होते आणि अडकते." त्याची बोटे कीबोर्डवर एक एक जुळणी करून पाहत होती. "सेफ मोडमध्ये, फक्त जरुरीपुरतं, सुरू करून बघितलं असतं, पण त्यात आवाज चालत नाही. तिथं साहेब मुकाच."

"मग कळणार कसं?"

"पडद्यावर बघून."

पण टेबलावर पडदा नव्हता. तिथे कीबोर्ड होता, इअरफोन होते, चहाचा कप होता, आणि पडद्याच्या जागी फैजानच्या गाण्यांच्या सीडींची चळत होती.

यंत्र आले तेव्हा त्याच्यासोबत पडदाही आला होता. पण झुल्फिकार मामूंचे कापूरहोळच्या नाक्यावर फोन, झेरॉक्स आणि टायपिंगचे दुकान होते, आणि एकदा विजेचा दाब वरखाली होऊन तिथल्या संगणकाचा पडदा जळाला. मामू त्या दिवशी भोरला आले ते चिंतेतच. फैजान म्हणाला होता, "मला पडद्याचं काय काम, मामू? घेऊन जा हा." ते म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते अम्रीनला अजून आठवत होते. सगळ्या जगाला लागते आणि आपल्याला लागत नाही, अशी वस्तू त्याच्याकडे पहिल्यांदाच होती. ती देऊन टाकताना तो कोणा दानशूर गृहस्थासारखा मान ताठ करून उभा होता. तेव्हापासून तो पडद्यावाचून काम करत होता आणि कोणाचेच काही अडले नव्हते.

टेम्पोची भाडी मिळावीत म्हणून अब्बांनी घरात फोन घेतला होता. अम्रीनने मामूंच्या दुकानाचा नंबर लावला आणि फैजानच्या हातात रिसीव्हर दिला. मामूंचा आवाज मोठा असल्यामुळे तिलाही सगळे ऐकू येत होते.

"पडद्यावर काय लिहिलंय ते अम्रीनला वाचायला सांग."

"पडदा तुमच्या दुकानात आहे, मामू."

पलीकडून थोडा वेळ फक्त हायवेवरच्या ट्रकचे आवाज आले.

"आयला, व्हय की. त्याच्यावरच एका गड्याचा अर्ज टाईप करतोय." मामू विचारात पडले. "मग एक काम कर. फॉरमॅट मार. हितं कुणाचं बी असं झालं की आमी फॉरमॅटच मारतो."

"फॉरमॅट मारलं की माझी पुस्तकं जातील आणि साहेबही जाईल. आणि साहेब पुन्हा बसवायचा तर पडदा लागतो."

"म्हंजे फिरून तिथंच आलो. बरं, थांब दोन दिवस. अम्रीनला सोडतो, पुण्यात मेव्हण्याकडं मुक्काम टाकतो, परवा पडदा घिऊन तुझ्याकडं येतो. चालंल?"

"चालेल," फैजान म्हणाला. त्याने रिसीव्हर हवेत धरला आणि अम्रीनने तो घेऊन ठेवला.

खुर्शिदाबी ओट्याशी होत्या. पातेल्यावरची झाकणी त्यांनी जरा जोरातच ठेवली. अम्रीनला ती झाकणी समजली. त्यांनी होकार दिला होता तो साहेबाच्या भरवशावर, आणि साहेब आता थबकून उभा होता.

बाजारपेठेत एक संगणकाचा क्लास होता. तिथे पडदे होते आणि शिकवणारे हनुमंत सर चांगले होते. अम्रीन चप्पल अडकवून निघाली. छत्री घ्यायला ती परत फिरली नाही. पावसाची झिमझिम अशी होती की थांबल्यासारखी वाटे आणि थांबत नसे. चौकात भाजीवाल्या बायकांनी खताच्या गोण्यांचे डोक्यावर खोपे केले होते. कोणीतरी तिला हाक मारून विचारले, "आज जायचं ना गं?" आणि ती "हो" म्हणाली. म्हणताना तिला वाटले की आपण खोटे बोललो, आणि लगेच वाटले की नाही, अजून खोटे झालेले नाही.

क्लासला कुलूप होते. शेजारच्या शिंप्याने सांगितले की सर गावी गेलेत, भोंगवलीला, शेतात माणसे लावलीत, संध्याकाळपर्यंत येतील. खिडकीच्या गजांतून आत खोळी घातलेल्या पडद्यांची रांग दिसत होती. अम्रीन काही वेळ नुसती गज धरून उभी राहिली. एवढे सगळे पडदे, आणि एकावरही या घडीला कोणी काही वाचत नव्हते. इतक्यात शिंप्याचे शिलाई मशीन थांबले, त्याच्या डोक्यावरचा पंखाही मंद होत थांबला. रोजच्या भारनियमनाची वेळ झाली होती. आता दुपारपर्यंत घरातले यंत्र सुरूसुद्धा करता येणार नव्हते. ती जवळजवळ पळतच घरी आली.

दाराजवळची पिशवी जागेवर नव्हती. ती आतल्या खोलीत होती, तोंड उघडे, आणि तिच्यातले ताट आणि वाटी पुन्हा मांडणीवर लावलेले होते.

"अम्मी, ताट का काढलंस?"

"आठ दिसांनी जा," खुर्शिदाबी तिच्याकडे न पाहता म्हणाल्या. "यंत्र नीट झालं की जा. आठ दिसांत काय आभाळ कोसळतंय का?"

"उद्या सकाळी हजर झाले नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. त्यांनी तसं स्पष्ट कळवलंय."

"तुझे अब्बा बोलतील त्यांच्याशी."

"अब्बा महाडला गेलेत. वरंध घाटात कुठं असतील ते, त्यांना कसं गाठणार?"

खुर्शिदाबी वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्यामुळेच अम्रीनला बोलणे अवघड झाले. "त्याची परीक्षा पुढच्या महिन्यात हाय. परवा मामू येनार, पडदा आननार, मग यंत्र बघनार. त्यातनं न्हाईच झालं तर? त्याचं वरीस गेलं तर? तुला डोळं हायेत, बाळ. तुला पुढच्या साली बी कुनी घिऊ शकंल. त्याला कोन देनार वरीस परत?"

अम्मीच्या बोलण्यातले निम्मे खरे होते. पुढच्या साली आपल्याला कोणी घेईल हे तेवढे खरे नव्हते. पुढच्या साली आणखी काही बिघडेल, कोणाचे लग्न निघेल, आपलेच निघेल, हे अम्रीनला दिसत होते. पण ते बोलून दाखवण्यासारखे नव्हते. अम्मीवरही तिला चिडता येईना. फैजान शाळेत होता तेव्हा खुर्शिदाबी रोज दुपारी अम्रीनची बालवाडीची पाटी घेऊन इंग्रजी अक्षरे गिरवत बसत, हे तिने पाहिले होते. मुलाला आपणच वाचून दाखवायचे असे त्यांच्या मनात होते. अक्षरे आली, पण ती एकमेकांना जोडून शब्द काही होईना, आणि एके दिवशी त्यांनी पाटी माळ्यावर टाकली. तेव्हापासून मुलीच्या हातात पुस्तक देताना त्यांच्या आवाजात नेहमी थोडी अजिजी असे.

अम्रीनला यंत्राचा राग आला, मामूंचा आला, आणि क्षणभर फैजानचाही आला. आला तसा तिला त्याची लाज वाटली. ती पुन्हा बाहेरच्या खोलीत आली, खिडकीपाशी गेली, परत ओसरीवर आली, दोरीवरचा कोरडा न झालेला ओढणीचा पदर चाचपून पाहिला. घरात बसायला जागाच नसल्यासारखे तिला झाले होते.

फैजान खुर्चीवर होता. भिंत पातळ होती आणि त्याने सगळे ऐकले होते.

"अम्मी," तो मोठ्याने म्हणाला, "मी काय टपालातलं पार्सल आहे का? कोणाच्या तरी सहीनं ताब्यात दिल्याशिवाय हलवता येत नाही असं?"

"तू गप," आतून आवाज आला. "तुझ्यासाठीच बोलतीया."

"तेच तर म्हणतोय. माझ्यासाठी बोलू नकोस."

भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला आणि नेहमीपेक्षा बराच वेळ चालू राहिला.

वीज आली तेव्हा एसटीला थोडाच अवधी उरला होता. पंखा हलू लागताच फैजान टेबलाखाली वाकला. "अम्रीन, ये. डबा उघडू. माझ्या बोटांना जे कळत नाही ते तू बघ."

दोघांनी मिळून डब्याच्या बाजूचे पत्र्याचे पान काढले. आत धुळीचा मऊ करडा थर बसला होता. फैजान सांगत गेला आणि अम्रीन करत गेली. मेमरीची पट्टी दोन्ही टोकांच्या खिट्या दाबून बाहेर काढली, तिची सोनेरी कड खोडरबराने हलक्या हाताने घासली, पुन्हा खटक आवाज होईपर्यंत बसवली. डिस्कची रुंद तार काढून परत लावली. सीडी ड्राइव्हची तार सुटीच ठेवली, म्हणजे अडथळा तिथला असेल तर कळेल. तिच्या बोटांना घाई झाली होती आणि तो मात्र सावकाश बोलत होता, प्रत्येक गोष्टीनंतर "झालं?" विचारून, तिचे "झालं" ऐकल्यावरच पुढे जात. वर्षानुवर्षे ती त्याच्यासाठी वाचत असताना तो असाच थांबत असे.

"आता दाब," तो म्हणाला.

तिने बटण दाबले. घरघर, शिटी, खरखर. खरखर मध्येच थांबली.

पंखा फिरत होता.

"मला वाटतं, तो पडद्यावर काहीतरी विचारतोय," फैजान अगदी हळू म्हणाला. "हो का नाही, असं काहीतरी. मी काहीही दाबलं असतं. पण कशाला हो म्हणतोय ते कळायला हवं ना. सगळी पुस्तकं त्याच्यात आहेत."

"मग काहीच दाबू नकोस. परवा मामू येईपर्यंत थांब."

"मी थांबेन गं. मला थांबता येतं."

तू थांबशील, पण अम्मी मला सोडणार नाही, असे ती म्हणणार होती. तेवढ्यात आतून खुर्शिदाबींच्या बांगड्या वाजल्या आणि पावले दाराकडे येऊ लागली. फैजानने टेबलावर हात फिरवून इअरफोन शोधले, कानांवर चढवले, खुर्ची पुढे ओढली आणि कीबोर्डवर बोटे ठेवली. ती बोटे चालू लागली. त्याने मान किंचित कलती केली. साहेबाचे ऐकताना ती नेहमी अशीच कलत असे. मग तो ओठांतल्या ओठांत इंग्रजी पुटपुटू लागला.

अम्रीन उघड्या डब्याशी जमिनीवर बसलेली होती. डब्यातली डिस्क गप्प होती. फैजानच्या कानात काहीही वाजत नव्हते.

"बोलला का रे?" खुर्शिदाबी दारातून म्हणाल्या.

त्याने त्यांच्या दिशेने एक बोट वर केले. "थांब अम्मी. ऐकू दे."

खुर्शिदाबी थांबल्या. त्या डब्यातल्या पंख्याकडे पाहत राहिल्या, मग मुलाच्या बोटांकडे. इअरफोन लावले की ते यंत्र फैजानच्या कानापलीकडे कोणाला काही सांगत नसे आणि त्यावर बाहेरून पाहण्यासारखे काही नव्हते. "अल्ला," असे म्हणून त्यांनी पदराने कपाळ पुसले. त्यांचे खांदे खाली आले. सकाळपासून त्या किती ताठ उभ्या होत्या हे अम्रीनला तेव्हा दिसले.

त्या आत गेल्या. मांडणीवरून ताट काढल्याचा आवाज आला, मग वाटीचा.

अम्रीनच्या जिभेवर शब्द होते. एक वाक्य बोलले असते तरी पुरले असते. तिने भावाकडे पाहिले. त्याची बोटे थांबली नव्हती. पण पुटपुटणे थांबवून तो, ती जिथे बसली होती त्या बाजूला न वळता, म्हणाला, "डब्याचं पान लाव. गाडी चुकेल."

तिने पान लावले, स्क्रू आवळले आणि हात धुवायला मोरीवर गेली.

स्टँडपर्यंत खुर्शिदाबी बरोबर आल्या. वाटेत त्या एकसारख्या बोलत होत्या: वसतिगृहात पाणी उकळून प्यायचे, ओले केस घेऊन झोपायचे नाही, कोणी मागितले तरी ताट-वाटी उसनी द्यायची नाही. गाडी लागलेलीच होती. अम्रीनला खिडकीजवळची जागा मिळाली. खुर्शिदाबींनी बाहेरून गजांतून हात घालून तिचा गाल दाबला आणि कंडक्टरला हाक मारली.

"ओ भाऊ, कापूरहोळला हिचा मामू चढनार हाय. त्यो दिसल्याबिगर गाडी हलवू नका."

"मामू दिसतो कसा, मावशी?" कंडक्टरने विचारले.

"माझ्यासारखाच. पर जाड."

गाडीत हशा पिकला. गाडी हलली तेव्हा खुर्शिदाबी हसत होत्या, आणि त्या हसत असलेल्याच अम्रीनच्या नजरेआड झाल्या.

रस्ता ओला होता. दोन्ही बाजूंच्या खाचरांत पाणी साचले होते आणि बायका वाकून भात लावत होत्या. अम्रीनला यातले काही धड दिसत नव्हते. तिला फैजान टेबलाशी बसलेला दिसत होता. अम्मी घरी पोहोचली असेल. तिने पाऊल आत टाकल्याबरोबर त्याने पुन्हा बोटे चालवायला सुरुवात केली असेल. संध्याकाळी, उद्या दिवसभर, परवा मामू येईपर्यंत, तो मुक्या यंत्रासमोर बसून वाचल्याचे सोंग करत राहील. परीक्षेपूर्वीचे ते दिवस असे जातील आणि अम्मी आनंदाने त्याच्या शेजारी चहा ठेवत राहील. सोंग उघडे पडले तर ती कोणाला काय म्हणेल? त्याने अम्रीनला जायला वाट करून दिली होती. तिने ती घेतली होती. अम्मीसमोर गप्प बसून घेतली होती, आणि परत फिरायचे तिच्या मनात नव्हते. पण नुसते घेऊन पुढे जाणेही तिला जमेना. शेजारची जागा तिने मामूंसाठी पिशवी ठेवून धरली होती. गाडीत लोक उभे होते आणि त्या पिशवीकडे पाहत होते.

हायवेच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा झुल्फिकार मामू छत्री मिटत दारापाशी उभे होते. अम्रीन जागेवरून उठून पायरीवर आली.

"मामू, तुम्ही चढू नका."

"का गं? जागा धरली न्हाईस?"

"धरली आहे. पण साहेब बोलत नाहीये. भाईनं कानाला लावून खोटं खोटं टाईप करून दाखवलं, म्हणून अम्मीनं मला सोडलं. पडदा परवा नको, आत्ता घेऊन जा. समोर भोरची गाडी लागलीय."

मामूंनी तिच्याकडे पाहिले, समोरच्या गाडीकडे पाहिले. "आन तू?"

"मी जाते."

"एकटी? कधी गेलीयास का तू एकटी पुण्याला?"

"नाही."

"मग? आपा माझं डोकं फोडंल!"

"तिला सांगा की मीच पाठवलं. भाईचं नाव घेऊ नका, मामू. मीच पाठवलं म्हणून सांगा. वसतिगृहात पोहोचले की मी स्वतः फोन करते आणि तिच्याशी बोलते."

"अगं, पर स्वारगेटला उतरल्यावर—"

"पत्ता पाठ आहे. आणि विचारायला तोंड आहे."

"मावशीनं सांगितलेला जाड मामू ह्योच का?" कंडक्टर मागून म्हणाला. "चढा की, मामू. आत येऊन भांडा."

मामूंनी मिटलेली छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग त्यांनी खिशातून पेन काढले आणि अम्रीनच्या तिकिटाच्या मागे पुण्यातल्या आपल्या मेव्हण्याचा फोन नंबर लिहिला. "काय बी वाटलं तर ह्याला लाव. वेडाबागडा हाय, पर धावत येतो." आणि ते वळले. पावसात छत्री उघडायचे विसरून, चिखल चुकवत, आपल्या दुकानाच्या दिशेने झपझप निघाले. भोरच्या गाडीच्या ड्रायव्हरला त्यांनी हात करून ओरडून काहीतरी सांगितले, बहुधा थांबायला.

अम्रीन पायरीवरच उभी राहून त्यांना दुकानात शिरताना पाहत होती.

"काय ताई, मामू राहिला की हितंच," कंडक्टर म्हणाला. "बरोबर कोन हाय आता?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "चला."

त्याने दोरी ओढली. अम्रीन आत आली, बाजूच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि दांडीला धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईला बसायला जागा करून दिली.